प्रल्हादभाऊ, गोळी आणि आमचं चॅनल

बातमीचं आयुष्य फार छोटं असतं. संध्याकाळी वाचली की लोक जेवायला बसेपर्यंत ती संपते. किस्सा मात्र संपत नाही. तो दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बाहेर येतो, लग्नाच्या पंगतीत वाढला जातो आणि दर वेळी थोडा अंगानं भरून परत येतो. आमच्या चॅनलच्या खोलीत असे इतके किस्से साचलेत, की बातम्यांनाच बसायला जागा उरलेली नाही. त्यातले निम्मे एकट्या प्रल्हादभाऊंचे.

चॅनल म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. कारंज्याच्या बाजारात धन्यकुमारजींचं साड्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर एक खोली, एवढंच. धन्यकुमारजी जागेचे मालक, चॅनलचे पहिले जाहिरातदार आणि वर कोणी काही भलतंसलतं बोललं तर खालून काठीनं छत ठोकणारे आमचे सेन्सॉर. कॅमेरा आणि एडिटिंग विलासकडे. तो दिवसभरात जितकं बोलतो, तितकं मी एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरताना बोलते. मी सुनंदा. मागच्या गल्लीत माझं ब्यूटी पार्लर आहे. संध्याकाळी वर जाऊन बातम्या वाचते आणि त्याआधी सगळ्यांच्या तोंडाला पावडर लावते.

सगळ्यांच्या म्हणजे मुख्यतः प्रल्हादभाऊंच्या. त्यांचा 'तोंडावर' हा कार्यक्रम म्हणजेच आमचं चॅनल, असं म्हटलं तरी चालेल. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत लोक मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून तो पाहायचे. विषय रस्त्याचा असो, पाण्याचा असो की शाळेचा, भाऊ फिरून फिरून व्यसनावर यायचे. त्यांचा मोठा भाऊ दारूनं गेला होता. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात नाटक नव्हतं, हे लोकांना कळायचं.

•

पोहरादेवीच्या यात्रेत भाऊ एकदा माईक घेऊन फिरत होते. गर्दी इतकी, की एक पाय उचलला तर परत टेकवायला जागा मिळेल याची खात्री नाही. एका दुकानाच्या आडोशाला एक काका प्लास्टिकच्या कागदात सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते. भाऊंनी माईक त्यांच्यापुढे धरला.

"काका, हे काय हाय?"

"खर्रा."

"यानं कॅन्सर होते, माहीत हाय का?"

"हाय ना माहीत. तुमीच तर सांगता रोज."

"मंग काहून खाता?"

"तुमचा कार्यक्रम लागला का अर्धा घंटा नुसतं बसून राहाव लागते. हाताले काई काम नको का?"

विलास तेवढा तुकडा कापायला निघाला होता. भाऊंनी कापू दिला नाही. म्हणाले, "राहू दे. आपन लोकायले तोंडावर बोलतो, मंग लोकायनं आपल्याले बोललेलं बी दिसलं पाह्यजे."

लोक त्यांच्यावर विश्वास ठेवायचे तो यामुळे.

•

मग मानोऱ्याहून येताना त्यांच्या मोटरसायकलपुढे रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे रस्त्यावर माणसापेक्षा तिची वर्दळ जास्त. रोही वाचला, भाऊ वाचले, कंबर तेवढी गेली. डॉक्टरांनी दुखण्याची एक भारी गोळी लिहून दिली. 'थोडेच दिवस घ्यायची, नंतर बंद' असं बजावूनही सांगितलं.

गोळीनं दुखणं गेलंच, पण माणूसही बदलला. कमलवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, पार्लरमध्ये येऊन मला हळूच म्हणाली, "सुनंदा, याहीनं आज सकाळी मले चहा करून देला. लग्नापासून पहिल्यांदा. मले वाटते डोक्यालेबी मार लागला हाय, तू जरा पाहून घेजो."

त्याच आठवड्यात विजेच्या खात्यातले एक साहेब कार्यक्रमात येणार होते. एका गावचा ट्रान्सफॉर्मर जळून पडला होता आणि साहेब ऐकत नव्हते. भाऊ त्यांची सालं काढणार, म्हणून आम्ही सगळे सरसावून बसलो. साहेबही फायलींचा गठ्ठा घेऊन तयारीनं आले होते. भाऊ तीन उशांवर टेकून बसले आणि गोड हसून म्हणाले, "साहेब, लयच थकलेले दिसता. जेवले का?"

साहेब गडबडले. "हो... म्हणजे, ट्रान्सफॉर्मरचं असं आहे की..."

"होईन हो ट्रान्सफॉर्मरचं. घरी सगळे बरे हायत ना? लेकरं काय करतात?"

पूर्ण कार्यक्रम असाच गेला. साहेब घामाघूम होऊन जिना उतरले. खाली धन्यकुमारजींना त्यांनी विचारलं, "यांच्याकडे माझ्याविरुद्ध नेमकं काय आहे?" धन्यकुमारजी खरं तेच बोलले, की मला काही माहीत नाही. साहेबांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

दुसऱ्या दिवशी गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला.

•

आम्ही हसत होतो. गोळी बंद करायची वेळ येऊन गेली, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात नव्हतं.

कार्यक्रमाच्या शेवटी लोक फोन करून गाऱ्हाणी सांगत. एका संध्याकाळी केनवडहून एका बाईंचा फोन लागला. त्यांची विहिरीची तक्रार होती. विहिरीवरून त्या दिरावर गेल्या, दिरावरून नणंदेवर, नणंदेवरून तिच्या लग्नात झालेल्या मानापानावर. एरवी भाऊंनी मध्येच "मुद्द्यावर या, ताई" म्हणून थांबवलं असतं. त्या दिवशी ते मान खाली घालून हळूहळू डोलत राहिले. विलासनं कॅमेरा जवळ नेला आणि लगेच लांब घेतला. भाऊंना झोप लागली होती.

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. ते दचकून म्हणाले, "बरोबर हाय ताई तुमचं."

 पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, सासरी आल्यापासून माझं इतकं शांतपनानं आजच कोनी ऐकलं."

पुढचा आठवडाभर केनवडहून बायांचेच फोन येत राहिले.

पण पावडर लावायला मी रोज त्यांच्या तोंडासमोर उभी असायचे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. नाक, मान, हात सारखे खाजवायचे. एक दिवस मी विचारलं, "भाऊ, गोळ्या चालूच हायत का अजून?" ते म्हणाले, "नाई वं. कवाच्या सोडल्या." आणि हे त्यांनी माझ्या डोळ्यांत न पाहता सांगितलं. समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलणं हाच ज्याचा धंदा, तो आरशातल्या माझ्या खांद्याकडे पाहत होता.

•

काही महिन्यांनी केनवडच्या बाजाराचं शूटिंग होतं. मी, विलास आणि भाऊ जीपनं गेलो. काम आटोपलं तसे भाऊ म्हणाले, "जरा थांबा, सासूबाईचं औषध घ्याचं हाय." त्यांची सासुरवाडी तिथून जवळच, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मला बाम घ्यायचा होता म्हणून मीही त्यांच्यासोबत मेडिकलमध्ये गेले.

दुकानदार भाऊंना चांगला ओळखत होता. भाऊंनी दिलेली कुठल्याशा नव्या डॉक्टरची चिठ्ठी पाहून तो आपुलकीनं म्हणाला, "आजीबाईले अजूनबी आराम नाई का?"

"नाई ना," भाऊ म्हणाले. "गुडघे पार गेले. उठता येत नाई, बसता येत नाई. एका जागी पडून राह्यते बिचारी."

"कोन पडून राह्यते?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं, तर डोक्यावर भाजीचं भरलेलं टोपलं घेऊन खुद्द सासूबाई उभ्या होत्या. बाजार करून पायी घरी निघाल्या होत्या. जावयाला दुकानात पाहिलं म्हणून आत शिरल्या. टोपलं खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "जवाईबुवा, मले काय झालं हाय ते मलेबी सांगा. घरी जाऊ का दवाखान्यात जाऊ?"

दुकानदारानं पुढे सरकवलेलं पाकीट मागे ओढलं.

परतताना जीपमध्ये मी आणि विलास हसून हसून बेजार झालो. मंगरुळपीर मागं पडलं आणि आमचं हसणं आपोआप बंद झालं, कारण भाऊ हसत नव्हते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांत दाबून धरले होते आणि हिवाळ्याच्या दिवसात त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

विलासनं विचारलं, "भाऊ, किती घेता?"

भाऊ म्हणाले, "लय दुखते रे."

विलासनं ते विचारलंच नव्हतं. 

•

त्या मेडिकलमध्ये आमच्या मागं आणखी कोणीतरी मोबाईल काढून उभं होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. व्हिडिओ बबनरावांच्या हाती लागला होता. हे बबनराव वरून सुपारीचे व्यापारी आणि आतून गुटख्याचे. त्यांचं गोदाम भाऊंनी चॅनलवर दाखवलं होतं, तेव्हापासून ते अशाच काहीतरी संधीची वाट पाहत होते. त्यांनी व्हिडिओखाली लिहिलं, 'दुसऱ्याच्या पुड्या बंद करणाऱ्याच्या खिशात काय आहे?'

संध्याकाळपर्यंत 'मले काय झालं हाय ते मलेबी सांगा' हे वाक्य कारंज्याच्या तोंडी बसलं. बसस्टँडवर एका प्यायलेल्या माणसाला कंडक्टर एसटीत घेईना, तर तो म्हणाला, "मी पिलेलो नाई, सासूचं औषध घेतलं हाय." पानठेल्यावर लोक भाऊंच्या नावानं जादा खर्रा सांगू लागले.

धन्यकुमारजींच्या दुकानात एक बाई साडी पाहत होत्या. पदर हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे खरं सिल्क हाय ना, का तुमच्या चॅनलसारखं?"

त्या दिवशी धन्यकुमारजींनी खालून काठी ठोकली नाही. ते स्वतः जिना चढून वर आले, खुर्चीवर बसले आणि किती तरी वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

भाऊ मात्र सगळ्यांना एकच सांगत होते. "डॉक्टरनं लिहून देलेलं औषध हाय. मी काय दारू पेलो का?"

मग रुखमाबाई आली. पोहरादेवीच्या अलीकडे तिचं गाव आहे. तिथली दारूची भट्टी भाऊंनी तीन-चार कार्यक्रम करून बंद पाडली होती, आणि त्यात गावातल्या बायांच्या पुढं ही रुखमाबाई होती. पन्नाशीची, उंच, कपाळावर मोठं गोंदण. एसटीनं आली, जिना चढली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊ, तू गोया घेते का? हो म्हन, नाईतर नाई म्हन."

"डॉक्टरनं देल्या होत्या, बाई."

"मी डॉक्टरचं नाई इचारलं."

भाऊंनी समोरचे कागद सारखे केले. ती म्हणाली, "गावातले मानसं म्हनून राह्यले का तो बी तसाच, मंग आमी कायले सोडाव. भट्टीवाला जागा झाडून राह्यला. तू घेत नसशील तर मी आत्ता जाऊन त्याले सांगते. घेत असशील तर तसं सांग. मले खोट्यासाठी भांडाले लावू नको."

मी तिला चहा दिला. तो तिनं उभ्यानंच घेतला आणि जाताना म्हणाली, "उद्या कार्यक्रमात सांग. आमी साऱ्या जनी पाहून राह्यलो."

•

दुसऱ्या दिवशी आमची बैठक बसली. भाऊंनी एक निवेदन लिहून आणलं होतं. 'माझी बदनामी करण्याचा हा डाव आहे, मी कोणतंही व्यसन केलेलं नाही', असं त्यात होतं. धन्यकुमारजी ते ऐकून अवघडले. म्हणाले, "खोटं बोलू नका बाप्पा. पन खरं आजच सांगाची बी काय घाई हाय? दुकानात माल असला म्हनून आपन साराच काचेत लावत नाई."

भाऊंना ते पटलं नाही. निवेदन आधी रेकॉर्ड करून ठेवायचं आणि संध्याकाळी दाखवायचं, असं ठरलं. मी पावडर लावली. विलासनं कॅमेरा लावला. भाऊंनी निवेदन वाचलं. कडक वाचलं. जुने भाऊ वाटावे असं.

विलास म्हणाला, "आवाज नाई आला."

भाऊंनी पुन्हा वाचलं. विलासनं कानावरचा हेडफोन सारखा केला. "नाई आला."

माईक बदलला. वायर बदलली. भाऊंनी पुन्हा वाचलं. विलास नुसती मान हलवून नाही म्हणाला. दर खेपेला भाऊंचा आवाज थोडा थोडा खाली येत होता, आणि 'कोणतंही व्यसन' या शब्दांपाशी ते अडखळायला लागले होते. शेवटी कागद आपटून ते ओरडले, "अरे, माईक खराब हाय का काय?"

विलासनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"माईक बरा हाय, भाऊ."

 मला वाटलं, आता भाऊ त्याच्यावर हात टाकतात की काय. ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग कागदाकडे. मग त्याच कागदानं त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. माझी सगळी पावडर निवेदनाला लागली.

"पुन्हा लाव वं सुनंदा," ते म्हणाले. "डायरेक्ट लाईव्हच जाऊ."

•

लाईव्हला भाऊ फार बोलले नाहीत. म्हणाले, "व्हिडिओ खरा हाय. सासूबाई ठणठणीत हायत, त्याहीची मी माफी मागतो. गोळी पयले दुखन्यासाठी घेत होतो. नंतर दुखत नव्हतं तरी घेत होतो. नाई घेतली का हात कापतात. दारू पेनाऱ्याले मी इतके वर्षं सांगतलं का मनावर घे, सुटते. मी रोज सकाळी मनावर घेतलं. दुपारपर्यंत बी टिकलं नाई. तर तेवढं माझं सांगनं चुकलं होतं. मी उद्या डॉक्टरकडं चाललो. बस."

खालून काठीचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहत होते. आला नाही.

मग फोन सुरू झाले. पहिला बबनरावांचा. "मंग आता लोकायले शिकवनं बंद करता का?"

"बबनराव," भाऊ म्हणाले, "मी गोळी सोडतो, तुमी गोदाम सोडा. दोघंबी याच कॅमेऱ्यासमोर सोडू. कवा येता?"

फोन कट झाला. तांत्रिक अडचण आली असावी.

दुसरा फोन लागला आणि बाईचा आवाज आला, "हॅलो, मी घरून बोलून राह्यली." कमलवहिनी. भाऊंचा चेहरा पडला. विलासनं कॅमेरा हलवला नाही.

"तुमी मले सांगतलं होतं का त्या ताकतीच्या गोळ्या हायत."

"हो," भाऊ हळूच म्हणाले.

"म्हनून हरतालिकेच्या दिवशी उपास झेपत नव्हता तर मीबी त्यातली एक घेतली होती."

"मंग?"

"मंग काय. पूजेत बसल्या बसल्या झोप लागली. साऱ्या बाया माह्या पाया पडल्या. म्हने, कमलचं काय ध्यान लागलं. तवापासून त्या मले साऱ्या पूजेत पयले बसवतात. आता त्याहीले मी काय सांगू?"

भाऊ माईकची वायर बोटाला गुंडाळत राहिले. वहिनी म्हणाली, "घरी या. जेवाले थांबली हाय मी." आणि फोन ठेवला.

•

डॉक्टरांनी सांगितलं, एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करत न्यायची. ते दिवस वाईट गेले. भाऊंचं अंग मोडून यायचं, नाक वाहायचं, एका जागी बसवत नव्हतं. राग तर असा, की भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीशीही त्यांचं भांडण झालं आणि घड्याळ शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यावं लागलं.

आम्ही आळीपाळीनं त्यांच्याकडे जाऊन बसत होतो. धन्यकुमारजी पर्युषणात कडक उपवास करणारे. ते भाऊंच्या पलंगापाशी बसून म्हणाले, "लोक मले म्हनतात, काय तुमचा संयम. पन मले उपास कवा सोडाचा ते माहीत असते. पारन्याले काय खायाचं तेबी मी आदल्या दिवशी ठरवून ठेवतो. तुमचं काम कठीन हाय, भाऊ."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "नाक वाहून राह्यलं."

इकडे 'तोंडावर' मी चालवत होते. घाबरत घाबरत सुरू केलं आणि मग मला ते आवडायला लागलं. एका संध्याकाळी नाल्याच्या प्रश्नावर एका नगरसेवकाला मी चांगलं धरलं होतं, तेवढ्यात एक फोन आला. माणूस आवाज बदलून बोलत होता. "मी एक सामान्य दर्शक बोलून राह्यलो. त्या ताई पाहुण्याले बोलूच देत नाईत. पयलेवाले भाऊ कसे समजून घेत."

मी म्हटलं, "पयलेवाले भाऊ झोपून घेत होते, दादा. तुमी कोठून बोलता?"

मागून कमलवहिनीचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "द्या तो फोन इकडं, अन् काढा पिऊन घ्या."

•

भाऊ परत आले ते बारीक होऊन. लोक पुन्हा ऐकतील की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. सोडून गेलेले काही जाहिरातदार परतले, काही नाही. पहिला बाहेरचा कार्यक्रम कुठं घ्यायचा, तर भाऊंनी रुखमाबाईचं गाव सांगितलं. धन्यकुमारजी म्हणाले, "तिथं तर सगळ्यात जास्त बोलतीन." भाऊ म्हणाले, "म्हनूनच."

दुपारची वेळ होती. मंदिरासमोरच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. बाया एका बाजूला दाटून बसल्या. पुरुष लांब कडुलिंबाखाली, कोणी उभे, कोणी पाठ करून. भट्टीवालाही येऊन बसला होता, मजा पाहायला. कमलवहिनी आमच्यासोबत आली होती, ती बायांमध्ये जाऊन बसली.

भाऊ उभे राहिले आणि बोलायला तोंड उघडणार, तोच लिंबाखालून एक माणूस पुढे आला. हडकुळा, डोळे लाल, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. रुखमाबाईनं मान खाली घातली, त्यावरून मला कळलं की हा तिचा नवरा. किसन त्याचं नाव. गावातली भट्टी बंद झाल्यापासून तो दुसऱ्या गावी जाऊन पीत होता.

"भाषन नंतर करा," तो म्हणाला. "पयले माह्या इचारलेल्याचं सांगा."

भट्टीवाला हसला. भाऊ म्हणाले, "इचारा."

"गोळी कमी केली तवा झोप येत होती का?"

"नाई."

"बिलकुल नाई?"

"बिलकुल नाई. अंगात मुंग्या फिरल्यावानी होत होतं."

किसन आणखी जवळ आला.  कोणीतरी पाठ करून बसलेला वळून बसला.

"मंग रातभर काय करत होता?"

भाऊंनी बायांच्या बाजूला एकदा पाहिलं. "बायकोले उठवत होतो," ते म्हणाले. "ती उठून बसत होती. बोलत काई नव्हती. नुसती बसून राह्यत होती."

किसननं कमलवहिनीकडं पाहिलं. वहिनीनं मान हलवली. त्यानं शर्टाचं वरखाली लागलेलं बटण चाचपलं. मग सगळ्या गावासमोर तो आपल्या बायकोकडे वळला.

"रुखमे, मी उठवलं तर उठशील?"

रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. वर पाहिलं.

"झोपते कोन?" ती म्हणाली.